साठावे घर

“फाशी!”

दार उघडले नव्हते, बेल वाजली नव्हती, मीटरकाकांचे बोट अजून बटणापासून वीतभर लांब होते. आतून आवाज आला तो असा दणदणीत, की जिन्याच्या खिडकीतले कबुतर उडाले आणि, शेजारचे लोक शपथेवर सांगतात, पुन्हा त्या इमारतीकडे फिरकले नाही.

“अहो, प्रश्न तरी ऐकून घ्या!” काका बंद दाराला म्हणाले.

“खालच्या मजल्यावर विचारलात तेव्हाच ऐकला. भिंती पातळ आहेत इथल्या. फाशी लिहा आणि व्हा पुढे.”

“तसं चालत नाही साहेब. दार उघडावं लागतं. नियम आहे.”

दार उघडले. अर्ध्या गालाला दाढीचा फेस लावलेला एक गृहस्थ हातात वस्तरा घेऊन उभा होता. फाशीची मागणी करायला याहून शोभेसा अवतार सापडला नसता.

“घरात मोठी माणसं किती?” काकांनी फॉर्म फळीवर चिमट्यात अडकवला.

“दोन. मी आणि ही.”

“दोघांतल्या कुणाचा वाढदिवस आधी येणार?”

“वाढदिवस? तुम्ही फाशीचं विचारायला आलात की केक आणलाय?”

“ज्याचा वाढदिवस सगळ्यांत आधी येणार, त्यानंच उत्तर द्यायचं. नाहीतर काय होतं, प्रत्येक घरातला मोठ्या आवाजाचा माणूसच बोलतो.”

“माझा सतराला,” हात पुसत बाई बाहेर आल्या. “यांचा अजून सात महिन्यांनी.”

“मग ताई बोलतील,” काका म्हणाले.

“आणि मी?”

“तुम्ही पण बोला की. फक्त मी लिहिणार नाही.”

काकांनी घसा साफ केला आणि सातवा प्रश्न छापला होता तसा वाचला. आधीचे सहा वय, शिक्षण, घरात माणसे किती असले पाणचट होते. खरा हा एकच. ‘सोळा वर्षांच्या मुलाने भांडणात चाकूने वार करून एका माणसाचा जीव घेतला. आपल्या मते त्याला किती वर्षांची शिक्षा व्हावी?’ खाली दोन चौकटी, दोन आकड्यांसाठी. जन्मठेपेला अठ्ठ्याण्णव लिहायचे, फाशीला नव्याण्णव.

बाई विचारात पडल्या. त्यांच्या मागे उभे राहून नवरा दोन्ही हातांच्या बोटांनी नऊ, नऊ असे दाखवत होता. वस्तरा हातात असल्यामुळे एक बोट दर वेळी कमी भरत होते.

“वीस,” बाई म्हणाल्या.

“वीसच?” नवरा ओरडला.

“आपल्या लग्नाला वीसच झाली ना? मला तरी पुरेशी वाटतात.”

काकांनी दोन चौकटींत वीस लिहिले आणि हसू दाबत जिना चढले. मागे त्या गृहस्थाच्या गालावरचा फेस वाळून पापुद्रा झाला होता, तरी त्याची बोटे हवेत नऊ, नऊ करतच होती.

मीटरकाकांनी चौतीस वर्षे घरोघर फिरून विजेचे मीटर वाचले होते. या भागात त्यांनी उघडलेले पाहिले नाही असे दार नव्हते. कोणाचा मीटर पलंगामागे आहे, कोणाचा न्हाणीघरात, कोणाची सासू मीटरखालीच खुर्ची टाकून बसते, सगळे त्यांना तोंडपाठ. दर महिन्याला दारात उभे राहून एक तरी गोष्ट सांगायची, हा त्यांचा रिवाज. एक कुत्रा त्यांना चावला आणि पुढच्या महिन्यात तोच कुत्रा लंगडत येऊन पाय पुढे करून माफी मागून गेला, ही गोष्ट त्यांनी इतक्या दारांत सांगितली होती की कुत्रासुद्धा तिच्यावर विश्वास ठेवत असावा. मग मीटर आपोआप वाचले जाऊ लागले, काका निवृत्त झाले आणि दारे बंद झाली. बायको तर त्याच्या आधीच गेली होती. तीन वर्षांत कोणी विचारले नाही, की काका, त्या कुत्र्याचे पुढे काय झाले?

म्हणून जनमत पाहणीसाठी माणसे हवीत असे कळल्यावर ते पहिल्या दिवशी पहिल्या नंबरला जाऊन उभे राहिले. साठ घरे, सहा दिवस. संगणकाने काढलेली यादी, दर दहावे घर. घर बदलायचे नाही, माणूस बदलायचा नाही, प्रश्नात काना-मात्रा बदलायची नाही. प्रश्न कशाबद्दल आहे हे त्यांना शिकवणीच्या वर्गात कळले आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. आणि यादीच्या शेवटी पाहिले तर काय? साठावे घर त्यांचेच.

त्या घरात ते आणि त्यांची थोरली बहीण आक्का, अशी दोनच माणसे. काकांचा वाढदिवस नुकताच होऊन गेलेला. आक्काचा पुढच्या आठवड्यात.

अकरा वर्षांपूर्वी आक्काचा मुलगा बसथांब्यावर मारला गेला होता. बावीस वर्षांचा होता. रांगेत धक्का लागला, शब्दाला शब्द वाढला आणि एका सतरा वर्षांच्या पोराने खिशातून चाकू काढला. इतकेच. तेव्हा सगळे गाव पेटले होते. मोर्चा निघाला, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि फोटोत सगळ्यांत पुढे, खांद्याला मीटरची पिशवी, तोंड विहिरीएवढे उघडलेले, ते मीटरकाका. पोराला सुधारगृहात तीन वर्षांची शिक्षा झाली. काकांनी महिनाभर कोणाच्याच दारात गोष्ट सांगितली नाही. नंतर पुन्हा कुत्रा सुरू झाला. भाच्याची गोष्ट मात्र त्यांनी कधीच, कोणालाच सांगितली नाही. आक्का भावाकडे राहायला आली, तिने भांडी आणि फुलझाडे आणली आणि त्या विषयावर घराने कडी लावून घेतली.

“कसली रे पाहणी?” पहिल्याच दिवशी तिने विचारले होते.

“पाण्याची,” काका म्हणाले. चौतीस वर्षे थापा मारूनही ही एक थाप त्यांच्या घशाला चिकटली.

“बरं झालं. लिही, वरच्या मजल्याला सकाळी नळाला करंगळीएवढी धार येते. आणि गढूळ. ठळक लिही.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी आक्का पाण्याची एकेक नवी तक्रार सांगे आणि काका खाली मान घालून ती मागच्या कोऱ्या कागदावर खरेच लिहून घेत.

पहिल्या दिवशी दहा घरांत सात नव्याण्णव, दोन अठ्ठ्याण्णव आणि एक त्या ताईंचे वीस. दारे उघडत होती आणि खाडकन मिटत होती. कोणी चहा विचारला नाही. काकांना वाटले, हे तर मीटर वाचण्यापेक्षाही वाईट. मीटरला निदान हलणारा आकडा असतो.

दुसऱ्या दिवशी अकराव्या घरी एक शिलाई करणारी आजी भेटली. तिने सुई दातात धरली, प्रश्न पूर्ण ऐकला आणि सुई काढून विचारले, “कुठला मुलगा?”

“कुठला असा नाही आजी. कुठलाही.”

“कुठलाही म्हणजे? मी कापड न बघता कात्री लावत नाही, भाऊ. चाकू कुठून आला त्याच्याकडे?”

आता कोणी प्रश्न विचारावा आणि मीटरकाकांनी उत्तर न देता उठावे, असे त्यांच्या जन्मात झाले नव्हते. तोंड आपोआप उघडले.

“दुकानात कामाला होता हो. खोकी फाडायला देतात ना, तसलं पातं. दिवसभर खिशातच. मालकानं त्या दिवशी सगळ्यांसमोर झापलेला. आणि बूट...” काका थांबले. बूट कुठून आले कोण जाणे, पण आले. “थोरल्या भावाचे बूट घातलेले. दोन मापं मोठे. पुढे कागद कोंबलेला, चालताना पाय निघू नये म्हणून.”

“अगं बाई,” आजी म्हणाली. “मग पळता पण आलं नसेल त्याला.”

“नाहीच आलं. चार पावलांवर पडला.”

आजीने चहा टाकला. अर्ध्या तासाने ती म्हणाली, “दहा. आणि शिवण शिकवा त्याला. सरळ शिवण घालायला लागलं की माणसाचा हात थरथरत नाही.”

काका बाहेर पडले ते जमिनीला पाय न लावता. दहा! पहिल्या दिवशीच्या नव्याण्णवला गोष्टीने दहावर आणले होते! बाराव्या घरी त्यांनी विचारायची वाट पाहिलीच नाही. तेराव्या घरी मालकाला टक्कल आणि कर्कश आवाज मिळाला. पंधराव्यात पोराला एक बहीण झाली. विसाव्या घरापर्यंत बसही चुकली आणि पाऊसही पडू लागला. लोक दार धरून उभे राहू लागले, आतून खुर्च्या येऊ लागल्या, शेजारचे घर यादीत नसताना डोकावू लागले.

“त्या मालकाला काय शिक्षा?” एकाने तावातावाने विचारले.

“त्याची चौकट नाही फॉर्मात.”

“मग काढा! समासात काढा!”

सगळीकडे आकडे उतरलेच असे नाही. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने डोळ्याची काच न काढता सगळी गोष्ट ऐकली आणि म्हणाला, “आधी मी वीस म्हणणार होतो. आता तीस लिहा.”

“का हो?”

“बुटात कागद कोंबायला पाच मिनिटं लागतात. तेवढा धीर होता ना त्याच्याकडे? मग थांब्यावर पाच सेकंद का नव्हता?”

काका चमकले. बसथांबा त्यांनी सांगितल्याचे त्यांना आठवत नव्हते. कधी आला गोष्टीत? त्यांनी तीस लिहिले आणि पुढच्या घराकडे जरा हळू चालत गेले. पण पुढच्या घरी बिस्किटे होती आणि चार बायका गोष्ट ऐकायला आधीच जमल्या होत्या, तेव्हा तो विचार तिथेच राहिला.

पाचव्या दिवशी सकाळी कार्यालयातून बोलावणे आले. पर्यवेक्षक बाई काकांच्या मुलीच्या वयाच्या असत्या, काकांना मुलगी असती तर. समोर चाळीस फॉर्म पसरलेले आणि पेन्सिलीचे मागचे टोक चावून चावून ब्रश झालेले.

“काका, बाकी सगळ्या भागांत लोक जन्मठेप नाहीतर फाशी म्हणतायत. तुमच्याकडेही पहिल्या दिवशी तेच. आणि दुसऱ्या दिवसापासून दहा, आठ, बारा, सहा? एकानं तर लिहिलंय, ‘मुलाला चार, मालकाला नऊ.’ हा मालक कोण?”

“टकला आहे एक,” काका पुटपुटले.

“प्रश्नात मालक नाहीये, काका.”

“प्रश्नात काहीच नाहीये ना बाई! न मुलगा, न चाकू, न ऊन, न पाऊस. लोक म्हणतात कोण, कुठला? मी गप्प बसू?”

“हो! गप्पच बसायचं!” बाईंनी पेन्सिल आपटली. मग दाराकडे पाहून आवाज उतरवला. “मला पण विचारावंसं वाटतं हो. पण प्रत्येकानं आपापली गोष्ट सांगितली तर आम्ही मोजायचं काय? लोकांचं मत की तुमची गोष्ट? तुम्ही ठरवलंत की लोकांना पोराची दया यावी. दुसरा कोणी ठरवेल की येऊ नये. त्याच्या गोष्टीत चाकू मोठा असेल.”

काकांनी ‘मालकाला नऊ’ लिहिलेला फॉर्म उलटा करून ठेवला.

“उरलेली वीस घरं छापील वाचा. एक शब्द जास्त नको. नाहीतर तुमचा सगळा गठ्ठा बाजूला ठेवावा लागेल मला, आणि पुढच्या फेरीला नाव पण नाही देता येणार.”

पुढची फेरी म्हणजे आणखी साठ दारे. काकांनी कानाला हात लावला.

त्या दिवशी ते सरळ मीटरसारखे वागले. वाचायचे, लिहायचे, निघायचे. नव्याण्णव, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव. पन्नासाव्या घरी रुग्णवाहिका चालवणारा एक आडदांड माणूस होता. रात्रपाळी करून आलेला, पाय गरम पाण्याच्या बादलीत.

“तुम्हीच ना ते बूटवाले काका?” त्याने प्रश्न ऐकून विचारले. “आमच्या मेव्हणीकडे सांगितली होतीत गोष्ट. ती रडली.”

“आता नाही सांगत. बंदी आलीय.”

“राहू दे. पोराचं सगळं ऐकलं मी. मला दुसरं विचारायचंय.” त्याने एक पाय बादलीतून काढला. “मेला तो कोण होता?”

“कोण?”

“अहो, मेला तो! ज्याला मी गाडीत घालून नेलं असतं तो. त्याचे बूट कसे होते?”

काकांचे तोंड उघडले. तीस घरांत त्यांनी पोराला बूट दिले, मालक दिला, बहीण दिली, पाऊस पाडला. ज्याचा जीव गेला त्याला छापील कागदाने ‘एक माणूस’ म्हटले होते, आणि काकांनीही त्यात काना-मात्रेची भर घातली नव्हती. आता घालायला गेले, तर एकच माणूस पुढे येऊन उभा राहिला आणि हलेना.

“लिहिलेलं नाही,” ते कसेबसे म्हणाले.

“मग मीही आकडा सांगत नाही. कोरं ठेवा.”

सहाव्या दिवशी दुपारपर्यंत एकोणसाठ घरे झाली. काका फळी छातीशी धरून आपल्याच जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. मनात हिशेब चालू होता. आक्काऐवजी आपणच भरून टाकावा. वाढदिवसाचं कोण तपासतंय? घराला कुलूप होतं असं लिहावं. एकोणसाठावरच भूकंप झाला म्हणावं. चौतीस वर्षांच्या सगळ्या थापा रांगेत येऊन उभ्या राहिल्या आणि एकही पसंत पडेना.

“बाळ्या,” वरून हाक आली. “किती वेळ बसणार आहेस? पायरी उबवून अंडं निघणार आहे का?”

ते वर गेले. आक्का दारातच उभी होती. इस्त्रीचे कपडे, केस विंचरलेले, डोळ्यांवर बाहेर जायचा चष्मा. मुलाने स्वतः काचा घासून दिलेला तो चष्मा. एरवी डबीत असे.

“कुठे निघालीस?”

“कुठे नाही. भाजीवालीकडे ती भेटली होती, शिक्षा वीस वर्षं सांगणारी. सगळी गल्ली बुटांबद्दल बोलतेय, बाळ्या. पाण्याबद्दल एक जण बोलत नाही.”

काकांनी फळी पाठीमागे लपवली.

“आक्का, मी तुला...”

“मला सांग, आपलं घर आहे का यादीत?”

“आहे. साठावं.”

“आणि वाढदिवस आधी कुणाचा?”

“तुझा.”

“मग बाहेर हो. बेल वाजव. बाकीच्यांकडे वाजवलीस तशी.”

“अगं आक्का, नको ना. तुला त्रास होईल म्हणून तर मी...”

“त्रास?” आक्काचा आवाज चढला, आणि गंमत म्हणजे तो रागाने नव्हे तर उत्साहाने चढला होता. “अकरा वर्षांपूर्वी मोर्चात दोन हजार माणसं होती. तू पुढे. दुकानदार बोलले, मास्तर बोलले, ज्यांनी त्याला कधी पाहिला नाही ते गळा फाडून बोलले. घरी येऊन एकानं तरी विचारलं का, की बाई, तुला काय वाटतं? सगळ्यांनी गृहीत धरलं. आता सरकार म्हण, संगणक म्हण, कुणीतरी पहिल्यांदा विचारतंय. आणि तू मला पाण्याचं सांगतोस? हो बाहेर!”

दार तोंडावर बंद झाले. चौतीस वर्षांत हजारो बेला वाजवणाऱ्या मीटरकाकांनी आपल्या घराची बेल आयुष्यात पहिल्यांदा वाजवली. बराच खरखरीत आवाज होता तिचा. त्यांना माहीतच नव्हते.

“कोण आहे?”

“पाहणीवाला.”

“या. बसा. पाणी देऊ? करंगळीएवढंच येतं.”

त्यांनी सहा प्रश्न विचारले. वय अडुसष्ट. शिक्षण सातवी. घरात माणसे दोन, “त्यातलं एक खोटारडं.” मग सातवा. ‘सोळा वर्षांच्या मुलाने भांडणात चाकूने वार करून एका माणसाचा...’ इथे त्यांनी तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली.

“छापील नको,” आक्का म्हणाली. “गोष्ट सांग.”

“बंदी आहे आक्का. गठ्ठा रद्द होईल. पुढची फेरी जाईल माझी.”

“मग ठरव.”

शेवटी त्यांनी फळी खाली ठेवली. दुकान सांगितले, पाते सांगितले, टकला मालक सांगितला, बूट सांगितले. आक्का पापणी न हलवता ऐकत होती.

“मालक तू बनवलास,” ती म्हणाली. “बहीण बनवलीस. पाऊसही नव्हता त्या दिवशी. पण बूट नाही बनवलेस.”

“मग?”

“कोर्टात त्याच्या पायात होते. आत नेताना एक निसटला आणि पुढून कागदाचा बोळा बाहेर आला. तू माझ्या शेजारीच बसला होतास. तू म्हणालास, बघू नकोस तिकडे. आणि स्वतः बघत राहिलास.”

काकांनी डोके धरले. तीस दारांत, टकल्याच्या आणि पावसाच्या आडून, त्यांनी त्याच पोराला फिरवून आणले होते.

“दया आली असेल तुला, तर येऊ दे. मलाही कधी कधी येते,” आक्का म्हणाली. “पण त्याचे बूट सांगितलेस, आणि आपल्या पोराचं काय सांगितलंस?”

“काहीच नाही.”

“मग आता सांग. मी काय अर्ध्या गोष्टीवर उत्तर देऊ?”

आणि मीटरकाकांनी सुरुवात केली. आधी अडखळत, मग भरधाव. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा तो. अर्ध्या गल्लीला त्याच्यामुळे दिसायचं. आंधळ्या मांजरालासुद्धा त्याने नंबर काढून दिला होता.

“मांजर नव्हतं,” आक्का म्हणाली.

“नव्हतं. पण शिट्टी होती! अशी शिट्टी वाजवायचा, की सुटलेली बस थांबायची.”

“थांबायची,” आक्का म्हणाली. “तीनदा थांबली होती. खरंच. एकदा तर ड्रायव्हर खाली उतरून बघायला लागला, पोलीस कुठे आहे म्हणून!”

ती हसली. काकाही हसले. मग दोघे एकमेकांचे शब्द तोडत बोलत सुटले. तो बशीत चहा ओतून आधी तिलाच द्यायचा. डाव्या बुटाची नाडी नेहमी सुटलेली. काचांची पूड अंगाला लागून उन्हात चमकायचा. अकरा वर्षांची कडी निघाली होती आणि घरात नुसता गलका झाला. खालच्या मजल्यावरून कोणीतरी काठीने छत ठोकले. आक्काने उलट पाय आपटला.

चहा गार झाल्यावर तिने चष्मा पुसला आणि ताठ बसली.

“लिही. बारा.”

काकांनी एक आणि दोन लिहिले. “बाराच का गं?”

“तुझ्या गोष्टीतल्या पोराला बारा. बुटातला कागद आणि बस थांबवणारी शिट्टी, दोन्ही धरून बारा.”

“आणि आपल्यावाल्याला? त्या खऱ्याला?”

आक्काने खिडकीतल्या झाडाचे एक वाळके पान खुडले.

“ते अजून ठरलं नाही. अकरा वर्षं ठरवतेय. सकाळी उठल्यावर शंभर वाटतात, तुझ्या चौकटींत मावणार नाहीत. भांडी घासताना पाचावर येते. कपडे वाळत घालताना त्याची आई आठवते, तीसुद्धा कुठेतरी वाळत घालत असेल, तेव्हा वाटतं, तीन झाली तेवढी झाली. आणि संध्याकाळी बसचा आवाज आला की पुन्हा शंभर.” मग एकदम तिने हात पुढे केला. “कोरा फॉर्म आहे का एखादा?”

“आहेत. पण परत द्यायचेत मोजून.”

“एक ठेव इथे.”

फॉर्मच्या खाली ‘शेरा’ म्हणून एक ओळ होती. आधीच्या एकोणसाठ घरांत ती रिकामीच राहिली होती. काकांनी तिथे लिहिले, ‘प्रश्न छापील वाचला नाही. उत्तर मात्र खरे आहे.’ आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षक बाईंनी साठावा फॉर्म दोनदा वाचला. पत्ता पाहिला, शेरा पाहिला, काकांकडे पाहिले. बाकीचे गठ्ठे पांढऱ्या दोरीने बांधलेले होते. काकांचा त्यांनी निळ्या दोरीने बांधला आणि वेगळ्या कपाटात ठेवला.

“पुढच्या फेरीला...” त्या म्हणाल्या.

“कळलं बाई.”

“दिलेले सत्तर होते. साठ भरले, म्हणजे कोरे दहा पाहिजेत. हे नऊच आहेत.”

“एक कुत्र्यानं खाल्ला,” मीटरकाका म्हणाले.

“कुठल्या कुत्र्यानं?”

“मला चावलेला ना, ज्यानं नंतर येऊन माफी मागितली, त्याचा नातू. आजोबांवर गेलाय. फॉर्म खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी शेपूट खाली घालून आला.”

बाईंनी पेन्सिलीचे चावलेले टोक ओठाला लावले. मग वहीत लिहिले, ‘गहाळ, एक’, आणि खुर्ची पुढे ओढून विचारले, “आणि माफी कशी मागितली हो त्या कुत्र्यानं?”

तो फॉर्म काकांच्या घरी भिंतीवरच्या फळीवर आहे, रेडिओच्या बाजूला, चष्म्याच्या डबीखाली. आक्का रोज सकाळी तो उचलते, खालची धूळ पुसते, सातव्या प्रश्नावरून एकदा नजर फिरवते आणि परत ठेवते. दोन्ही चौकटी रिकाम्या आहेत. शेजारच्या पेन्सिलीला मात्र ती दर आठवड्याला टोक काढते.